जनान्यातला दिवा

आपांनी आयुष्यात एकही सिनेमा पुरता पाहिला नाही, आणि नोकरी मात्र पंधरा वर्षं थिएटरात केली. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, डोळ्यांनी अधू होत्या का? अधू कसल्या! खालच्या वर्गात बसून वर बायकांकडं मान वळवणारा माणूस त्या भर अंधारात हेरायच्या आणि हातातला ताडाचा पंखा असा त्याच्यावर रोखायच्या, की तो बिचारा उरलेला सिनेमा मान आखडल्यासारखा बसून काढायचा. पण स्वतः सिनेमाकडं पाठ करून उभ्या. त्यांना सिनेमा पाहायचाच नसायचा. सिनेमा पाहणाऱ्या बायका पाहायच्या असायच्या.

पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. औरंगाबादेतून निजामाचा अंमल गेला, कचेरीतली उर्दू गेली, पण आमच्या गल्लीमागच्या थिएटरातला जनाना काही गेला नव्हता. जनाना म्हणजे वरच्या मजल्यावरचा बायकांचा वर्ग. पुढं जाड हिरवं कापड टांगलेलं. खालचे दिवे मालवले की ते कापड बाजूला सरायचं आणि मध्यंतराचे दिवे लागायच्या आत पुन्हा ओढलं जायचं. म्हणजे आम्ही सिनेमा पाहायचा, पण आम्हाला कुणी पाहायचं नाही. ते कापड ओढणाऱ्या त्या आपा. तिकिटं फाडणाऱ्या त्याच, रडक्या पोरांना बाहेर नेणाऱ्या त्याच, आणि जनान्यात जो एकुलता एक दिवा होता त्याचं बटणही त्यांच्याच हाताशी. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मी चार वर्षं त्यांच्याशी रोज बोलले आणि मलाही ते विचारावंसं वाटलं नाही, याची आता लाज वाटते.

उंच, हाडं दिसणारी बाई. डोक्यावर पांढरी ओढणी आणि पायात छावणीच्या बाजारातून आणलेले कुणा शिपायाचे जुने काळे बूट. "अंधारात ऐंशी बाया माझ्या पायावरून जातात," त्या म्हणायच्या. "मेरे पाँव क्या सरकारी रस्ता हैं?" त्या बुटांचा खाडखाड आवाज आला की नव्यानं आलेल्या बायका दचकायच्या आणि जुन्या बायका नीट सावरून बसायच्या.

खांद्याला एक झोळी असायची. तिच्यात जुन्या मलमलीचे चौकोनी तुकडे, स्वच्छ धुऊन घडी घातलेले. रडका सिनेमा असला की दारातच प्रत्येकीच्या हातावर एक तुकडा. "याच्यात रडा. पदर भिजवू नका. ओला पदर घरी सासूला दिसतो." जाताना ते तुकडे परत घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतल्या नळावर सोड्यात घालून धुवायच्या. सिनेमाची प्रतवारीसुद्धा त्यावरच. हा वीस तुकड्यांचा, तो साठांचा. थिएटरचे मालक म्हणे नवा सिनेमा लागला की मॅनेजरच्या आधी आपांना विचारायचे, "आज किती ओले?" देवादिकांचे सिनेमे पाच-सहाच्या वर जायचे नाहीत. मारामारीचे तर साफ कोरडे. माय-लेकींचा सिनेमा आला, की मात्र आपा झोळी दुप्पट भरून आणायच्या.

अशा सिनेमाला त्यांचे नियमही वेगळे असत. एरवी कोण कुठं बसलं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पण माय-लेकींच्या सिनेमाला आई एका टोकाला आणि लेक मैत्रिणींच्या घोळक्यात दुसऱ्या टोकाला, हे त्यांना खपायचं नाही. बूट वाजवत यायच्या, दंड धरून उठवायच्या आणि दोघींना शेजारी शेजारी बसवायच्या. मध्ये लहान पोरसुद्धा चालायचं नाही. "पोराच्या आडून बोलतात बाया," त्या म्हणायच्या. "पोराला सांगतात, तुझ्या आजीला असं सांग, तसं सांग. कायकू? सरळ सांगा ना." एकदा एक वकिलीणबाई तरातरा मॅनेजरकडं तक्रार घेऊन गेल्या. मॅनेजर म्हणाला, "बाई, मी स्वतः त्यांना भितो. त्या म्हणतात तिथं बसा आणि मला वाचवा."

सिनेमा संपला की खरा खेळ सुरू व्हायचा. खाली दिवे लागायचे, पुरुष खुर्च्या आपटत उठायचे, वर मात्र हिरवं कापड ओढलेलं आणि जनान्यात काळोख. आपा बटण दाबायच्याच नाहीत. दोन मिनिटं, चार मिनिटं, कधी दहासुद्धा. त्या काळोखात आधी नाकं ओढल्याचे आवाज, मग बांगड्या, मग कुजबुज. कोण कुणाशी बोलतंय ते दिसायचं नाही. दिसत नाही म्हणूनच बोलता यायचं. चुलीपुढं वर्षानुवर्षं अडकून राहिलेलं बोलणं तिथं पाच मिनिटांत मोकळं व्हायचं. आपा शेवटच्या बाकाच्या पाठीवर तळवा टेकून उभ्या असायच्या. जनान्यातली सगळी बाकं एकमेकांना लांब फळ्यांनी खिळलेली होती. कुठंही कुणी हुंदके देत असलं की ते त्यांच्या हाताला कळायचं. फळी थरथरायची थांबली की मग दिवा. खालून मॅनेजर ओरडायचा, पुढच्या खेळाची गर्दी दारात आलीय! आपा वरूनच सुनवायच्या, "मर्दांना बोलायला चौक हाय, हाटेल हाय. बायांना येवढी पाच मिनिटं हायत. थांबा!"

गुलमंडीजवळ लोणची-पापड करून विकणारी एक विधवा बाई होती. तिच्या लेकीनं तिच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं आणि माय-लेकी चार वर्षं बोलत नव्हत्या. राहायच्या एकाच गल्लीत, पाण्याला जायच्या एकाच नळावर, पण एकमेकींची घागर डोळ्यांनीसुद्धा शिवायच्या नाहीत. आपांनी काय करावं? लेकीला आधी आत घेऊन बसवलं, आणि आईला काही ना काही कारण काढून दारात थोपवून ठेवलं. दिवे गेल्यावर तिला हाताला धरून आणली आणि थेट लेकीच्या शेजारी बसवली. अर्धा सिनेमा होईपर्यंत दोघींना पत्ता नाही. मग लेकीला खोकला आला आणि त्या खोकल्यावरून आईनं तिला ओळखलं. त्या दिवशी जनान्यातला दिवा इतका उशिरा लागला, की पुढच्या खेळाच्या बायका जिन्यात खोळंबून भांडायला लागल्या. आपा ही गोष्ट सांगायच्या ती एखाद्या हकिमानं अवघड रोग्याची हकीकत सांगावी तशी, जरा छाती काढून. पण सिनेमाचं श्रेय सिनेमाला द्यायला तयार नसायच्या. म्हणायच्या, "सिनेमा दवा नव्हं. सुई हाय. काटा वर आणतो. काढायचा तुमचा तुम्ही."

माझी मुलगी मानसशास्त्र शिकवते. आई-मुलींवरचे सिनेमे दाखवून जुनी दुखणी बोलती करता येतात, यावर आता अभ्यास चाललेत म्हणे. मोठ्या उत्साहानं ती मला हे समजावत होती. मी म्हटलं, बाळा, आमच्या इथं एक बाई हे सगळं बूट घालून करायची, आणि त्यांच्या हातून एकच रोगी बरा झाला नाही. तो तुझ्यासमोर बसलाय.

माझी आणि आपांची ओळख जाहिरातीच्या कागदावरून झाली. मी तेव्हा कॉलेजात होते. आपांना उर्दू वाचता यायचं, पण सिनेमाचे कागद एव्हाना नागरीत छापून यायला लागले होते. नळावर तुकडे धूत बसलेल्या असायच्या आणि मी दिसले की ओला हात ओढणीला पुसून कागद पुढं करायच्या. "वाच गं. माय हाय का यात?"

मी वाचायची, "हृदय पिळवटून टाकणारा कौटुंबिक चित्रपट."

"पिळवटणारा म्हंजे किती? अंदाजानं सांग."

"आपा, कागदावरून कसं कळणार?"

"येवढं कॉलेज शिकती आणि रडणं किती ते कळंना?"

या वाचनाच्या बदल्यात मला दुपारच्या खेळाला आत सोडायच्या. मी सिनेमावेडीच होते. येईल तो सिनेमा पाहायची, आणि सगळा जनाना हुंदके देत असताना ताठ बसून पाहायची. मला त्याचा अभिमान होता. एकदा नळावर आपांनी धुवायच्या ढिगातून एक तुकडा वेगळा काढला. "हा बघ. घडीसुद्धा मोडली नाय. दर टायमाला एक असाच येतो. कुणाचा, कुणाचा म्हणून मी लई दिवस पाळत ठेवली. तुझा हाय."

"मला नाही येत रडू," मी म्हटलं.

"माय हाय तुला?"

"आहे की. घरीच आहे."

"मंग भांडण हाय."

"भांडण नाही. आम्ही कधीच भांडत नाही."

आपांनी माझ्याकडं मान वर करून पाहिलं. "भांडण बी नाय? मंग लईच मोठं हाय."

का कोण जाणे, त्या दिवशी कॉलेज बुडवून मी नळाच्या कट्ट्यावर बसले आणि जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते आपांना सांगितलं.

आमच्या घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं. "त्या साली" म्हणायचे आणि पुढं बोलायचे नाहीत. आमचं गाव अजिंठ्याकडचं, घाटाच्या वरच्या अंगाला. रझाकारांच्या साली गावातली माणसं घाट उतरून निजामाच्या हद्दीबाहेर, खानदेशात निघाली. मी सहा वर्षांची होते आणि अंगभर गोवर उठला होता. गाडीत दुसरंही एक कुटुंब होतं, त्यांची तान्ही पोरं होती, माझा भाऊ आईच्या अंगावर पीत होता. मला गाडीत घ्यायला कुणी तयार होईना. शेजारी एका मुसलमान विणकराचं घर होतं. त्या घरच्या चाचीच्या अंथरुणावर आईनं मला निजवलं, "आठ दिवसांत न्यायला येते" म्हणाली, आणि जाण्याआधी माझ्या पायांतले चांदीचे तोडे काढून घेतले. तापात काय काय आठवतं आणि काय नाही, कोण जाणे. मला ते तोडे काढणारे तिचे हात आठवतात. गाडी गेली. तिच्या काखेत भाऊ होता, कनवटीला तोडे होते, आणि मी मागं होते.

आठ दिवसांचे तेरा महिने झाले. चाचीनं मला जीव लावला, हे सांगितलंच पाहिजे. तिच्या मुलींत आणि माझ्यात तिनं घासाचाही फरक केला नाही. पोलीस ॲक्शन झाली, रस्ते सुरू झाले आणि एक दिवस आई आली. मी अंगणात खेळत होते. तिला पाहून मी घरात ओरडून सांगितलं, "चाची, एक बाई आलीय."

आई दारातच उभी राहिली. ती रडली नाही, मला जवळही ओढलं नाही. पुढं वडिलांना औरंगाबादेत कचेरीत नोकरी लागली, आम्ही शहरात आलो, आणि या सगळ्यावर आमच्यात एक शब्द झाला नाही. मोठी झाल्यावर मला कळत होतं, की चांदी पायांत असलेली पोर त्या दिवसांत मागं ठेवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ होता. कळत होतं. पण कळण्यानं काही सुटत नाही. चारचौघांत मी तिला आई म्हणायची. घरात दोघीच असलो, की हाक मारायची वेळच येऊ द्यायची नाही. तिच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि ती बघेपर्यंत थांबायची.

"तोडे नेले आणि मला ठेवलं," मी आपांना म्हटलं.

आपा हातातला तुकडा पिळत होत्या. पिळून पिळून त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं. मग म्हणाल्या, "माझं उलटं हाय. मी मायला ठेवून आले."

तोच काळ. फरक वर्षभराचा, आणि बाजूंचा. पोलीस ॲक्शननंतर आपांच्या गावातली मुसलमान घरं जीव घेऊन शहराकडं निघाली तेव्हा त्यांची म्हातारी आई उठायलाच तयार होईना. बकरीला पाणी कोण पाजील, म्हणाली. शेजाऱ्यांनी घाई केली आणि आपा निघाल्या. "म्हटलं, चार दिवसांनी येऊन घेऊन जाईन. गेले तर घर होतं. बकरी बी होती. माय नव्हती." एवढंच बोलल्या आणि पुढचा तुकडा धुवायला घेतला. आमच्याकडं त्या सालाला सुटकेचं साल म्हणत असत. मला त्या कट्ट्यावर पहिल्यांदा ते म्हणणं जड गेलं.

दोन-तीन महिन्यांनी एका कासारणीचा सिनेमा लागला. जाहिरातीचा कागद मीच वाचून दाखवला होता. गरिबीनं पोर दुसऱ्याच्या दारात सोडून गेलेली आई, आणि वीस वर्षांनी जत्रेत बांगड्या भरताना तिच्या हातात आलेला त्याच पोरीचा हात. आपा म्हणाल्या, "याला मायला घेऊन ये." मी म्हटलं, ती सिनेमा पाहत नाही, तिला आवडत नाही. आपा "हौ" म्हणाल्या, आणि मी तेवढ्यावर निर्धास्त झाले. आपांना ओळखत नव्हते असंच म्हणायचं.

त्या मंगळवारी कॉलेजातून आले, तर आई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, केस विंचरून ओट्यावर बसलेली. "चल," म्हणाली, "मला त्या आपानं बोलावलंय." मी कॉलेजात असताना आपा बूट वाजवत आमच्या घरी येऊन गेल्या होत्या. काय बोलल्या, आईनं सांगितलं नाही. तिनं जन्मात थिएटर पाहिलं नव्हतं. जनान्याच्या दारात तिनं देवळात काढावी तशी चप्पल काढली. आपा हसल्या नाहीत. त्यांनी चप्पल उचलून तिच्या पायांपुढं नीट ठेवली आणि म्हणाल्या, "घाला बाई. इथं पाय तुडवतात." मग आम्हाला मधल्या बाकावर बसवलं, आईला भिंतीकडं आणि मला तिच्या शेजारी.

सिनेमा मला फारसा आठवत नाही. शेवट आठवतो. पोरीच्या मनगटावर लहानपणी पोळल्याची खूण कासारणीला दिसते, आणि ती काही म्हणत नाही. नुसती बांगड्या भरत राहते. मनगट भरतं, कोपरापर्यंत हात भरतो, पोर हसून म्हणते, पुरे हो बाई, आणि कासारणीचे हात थांबत नाहीत. जनान्यातली फळी गदागदा हलत होती. मी ताठ बसले होते. आई रडत नव्हती. आम्ही दोघी एकाच मातीच्या.

सिनेमा संपला, हिरवं कापड ओढलं गेलं, काळोख झाला. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. आणि आई वाकली. मला वाटलं, चप्पल शोधतेय. तिची बोटं माझ्या पायाला लागली. घोट्याभोवती, जिथं तोडा असतो तिथं, तिनं सावकाश बोटं फिरवली आणि म्हणाली, "तुला एक सांगायचं व्हतं. त्या दिवशी मी..."

"आपा, दिवा लावा!"

हा मीच दिलेला आवाज. आत्ताही तो माझ्या कानात आहे. सगळी कुजबुज थांबली. त्या जनान्यात आजवर कुणी दिवा मागितला नव्हता. आपांनी लावला नाही. आईचा हात अजून माझ्या पायावर होता. मी पुन्हा ओरडले, "दिवा लावा म्हणते ना!"

दिवा लागला. लाल डोळ्यांच्या, विस्कटलेल्या, एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या बायका भर उजेडात उघड्या पडल्या आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. आई सरळ होऊन बसली. पदर नीट केला. "चल," म्हणाली, "भाजी टाकायचीय."

मी असं का केलं? साठ वर्षं मी स्वतःला विचारतेय. राग होता असं म्हटलं तर सोपं पडेल. खरं तर मी घाबरले होते. त्या तेरा महिन्यांवर मी उभी होते. माझा ताठा, माझे कोरडे डोळे, माझं सगळ्यांहून वेगळं असणं, सगळं त्यावर उभं होतं. तिनं दोन वाक्यांत ते मिटवून टाकलं असतं, तर मी उभी कशावर राहणार होते? ऐकून घेणं म्हणजे माफ करणं, असं मला वाटत होतं, आणि माफ करायला मी तयार नव्हते. नुसतं ऐकता आलं असतं. एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही, आणि मी बी.ए.ला पहिल्या वर्गात होते.

दुसऱ्या दिवशी नळावर मी मान खाली घालून आपांपुढं गेले. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. आपा म्हणाल्या, "चूक माझी हाय. तू मागितला म्हणून मी लावला. नको लावायला पायजे व्हता." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्याच वर्षी लग्न होऊन मी नांदेडला गेले. वडिलांची पत्रं यायची. खाली आईचं एक वाक्य, ते वडिलांनीच लिहिलेलं, की तब्येतीस जपणे. मीही उत्तरात लिहायची, आईस नमस्कार. माहेरी आले की ती माझ्या आवडीचं करून घालायची आणि मी खायची. एकदा दळण निवडताना तिनं सूप बाजूला सारलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मी उठून पाणी प्यायला गेले. तिसऱ्या वर्षी तार आली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

दहाव्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना ओट्यावर बुटांचा आवाज झाला. आत्या, मावश्या एकमेकींकडं पाहू लागल्या. ही कोण? आपा वाकल्या होत्या. थिएटरातलं हिरवं कापड एव्हाना उतरवलं होतं, बायका घरच्या माणसांबरोबर खाली बसायला लागल्या होत्या, आणि आपांची नोकरी संपली होती. छावणीतून पायी चालत आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुझी माय माझ्याकडं यायची. दर मंगळवारी."

मला कळेना. "सिनेमाला?"

"पहिले सिनेमाला. तोच सिनेमा, उतरंपर्यंत. मंग जो लागंल तो. जनाना बंद झाला तर माझ्या घरी. दोघी बसायचो. मी माझ्या मायचं बोलायची, ती तुझं बोलायची."

वडील तिथंच बसले होते. ते हळूच म्हणाले, "मला वाटायचं, देवीला जाते."

मी आपांना परसात घेऊन गेले. "त्या दिवशी तिला मला काय सांगायचं होतं?"

"तिनं मला सांगितलंय. तुला सांगू नको म्हणली व्हती."

"मग आता?"

"अब कौन रोकता मेरेकू?" आपा खाली बसल्या. मीही बसले. आणि आपांनी सांगितलं.

गाडी घाटाच्या पहिल्या वळणाला गेली तेव्हा आईनं भावाला वडिलांच्या हातात दिलं आणि चालत्या गाडीतून उडी मारली. वडील हाका मारत राहिले. ती उन्हातून चालत, पळत परत गावात आली. चाचीच्या दाराशी पोचली तेव्हा मी तापानं भाजत होते आणि चाचीच्या मांडीवर मला नुकती झोप लागली होती. चाची म्हणाली, "बाई, या उन्हात हिला उचलली तर वाटंतच जाईल. झोपू दे." आई उंबऱ्यावर बसली. तिथून माझे पाय दिसत होते. किती वेळ बसली, तिलाही ठाऊक नव्हतं. मग तिला पान्हा फुटला. चोळी ओली झाली. तिकडं घाटात भाऊ उपाशी होता. ती उठली, मी आले होते हे हिला सांगू नका असं चाचीला म्हणाली, माझ्या पायांना हात लावला आणि गेली.

"ती परत आली होती?" मी म्हटलं. "आपा, ती परत आली होती! मला एवढंच हवं होतं. जन्मभर एवढंच हवं होतं. हे तिनं मला का नाही सांगितलं? त्या दिवशी नाही, तर नंतर. तीन वर्षं होती!"

आपांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा खरखरीत होता. "मी बी तिला हेच बोलले. कितीदा बोलले. सांग पोरीला, तू परत गेलतीस. तर म्हणली, 'नको आपा. ती म्हणंल, म्हंजी तू मला दोनदा टाकून गेलीस.'"

आपा गेल्यावर मी परसात बराच वेळ एकटीच बसून होते. कुणी तरी मला जेवायला हाका मारत होतं. मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग ओठांनी म्हणून पाहिलं. हेच म्हणाले असते मी. याच शब्दांत, याच तोऱ्यात, आणि वर उठून पाणी प्यायला गेले असते. त्या तेरा महिन्यांत माझी आई मला परकी झाली आणि मी तिला, असं धरून मी चालले होते. ती मला शब्दानं शब्द ओळखत होती.